परक्या गावातला पहिला ओळखीचा माणूस

१९०९ सालची गोष्ट. न्यूयॉर्कमध्ये वायएमसीएचे काम करणाऱ्या हॅरी एडमंड्स यांना कोलंबिया विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर समोरून एक चिनी विद्यार्थी येताना दिसला. एडमंड्स 'गुड मॉर्निंग' म्हणून पुढे निघाले. मागे वळून पाहतात तर तो मुलगा जागच्या जागी थांबलेला. न्यूयॉर्कला येऊन तीन आठवडे झाले, पण आपणहून माझ्याशी बोललेले तुम्ही पहिलेच, असे तो म्हणाला. एडमंड्सनी ही हकिकत घरी सांगितली आणि नवरा-बायकोने परदेशी विद्यार्थ्यांना रविवारी जेवायला बोलावायला सुरुवात केली. त्यातून एक क्लब उभा राहिला. पुढे जॉन डी. रॉकफेलर ज्युनियर यांच्या देणगीतून १९२४ मध्ये न्यूयॉर्कचे इंटरनॅशनल हाउस बांधले गेले. आजही ते शेकडो विद्यार्थ्यांचे घर आहे.

त्या चिनी मुलाला कोणी त्रास दिला नव्हता. त्याला प्रवेश मिळाला होता, वर्ग होते, ग्रंथालय होते. त्याची विचारपूस करणे एवढे एकच काम विद्यापीठाने कोणाकडे सोपवलेले नव्हते. शंभराहून अधिक वर्षांनंतर पुण्यातल्या, अहमदाबादमधल्या, म्युनिकमधल्या विद्यापीठांपुढचा प्रश्न नेमका हाच आहे. परदेशातून आलेल्या विद्यार्थ्याला सोबत देणे हा कोणाच्या चांगुलपणाचा भाग मानायचा, की शिकवण्या-परीक्षांइतकेच विद्यापीठाचे रीतसर काम?

मराठी वाचकाला या सोबतीचा उत्तम नमुना 'सत्याचे प्रयोग'मध्ये सापडतो. १८८८ मध्ये अठरा-एकोणीस वर्षांचा मोहनदास गांधी लंडनच्या व्हिक्टोरिया हॉटेलात उतरला. अंगात पांढरे फ्लॅनेलचे कपडे, तेही थंडीच्या तोंडावर. संध्याकाळी डॉ. प्राणजीवन मेहता भेटायला आले. बोलता बोलता गांधींनी त्यांची उंच टोपी हातात घेतली आणि तिच्या लवेवरून उलटा हात फिरवला. मेहतांनी जरा रागावूनच थांबवले. मग तिथल्या तिथे पहिला धडा दिला. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा नाही, पहिल्या भेटीत प्रश्न विचारत सुटायचे नाही, मोठ्याने बोलायचे नाही, हिंदुस्थानात साहेबाला म्हणतात तसे जो तो दिसेल त्याला 'सर' म्हणायचे नाही. हॉटेल परवडणार नाही हे सांगितले, इंग्रज कुटुंबात राहा असे सुचवले आणि तोवर रिचमंडला एका मित्राकडे सोय लावून दिली. त्या मित्राने धाकट्या भावासारखे सांभाळले, रीतिरिवाज शिकवले, इंग्रजी बोलण्याचा सराव करून घेतला.

या प्रसंगाचे मोल बारकाव्यात आहे. मेहतांनी इंग्रजी संस्कृतीवर व्याख्यान दिले नाही. टोपी, खोलीचे भाडे, बोलण्याचा आवाज अशा हाताला लागणाऱ्या गोष्टींविषयी ते बोलले. स्वतः त्याच वाटेने गेलेला माणूस म्हणून बोलले, आणि चूक झाली तेव्हा स्पष्ट टोकले. आजच्या स्वागत-कार्यक्रमांतून नेमके हे टोकणे हरवले आहे. हार, तिलक, चित्रफीत, कुलगुरूंचे भाषण एवढे होते. पण 'हे असे करू नकोस, त्याने पंचाईत होईल' हे मोकळेपणाने सांगणारे कोणी नसते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबियाला पोहोचले तेव्हा सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती पाठीशी होती. तरी राहण्या-जेवणाची घडी पहिल्याच फटक्यात बसली नाही. हार्टली हॉल, मग कॉस्मोपॉलिटन क्लब आणि शेवटी लिव्हिंग्स्टन हॉल. तिथे नवल भथेना हा पारशी तरुण त्यांच्या सोबतीला होता. सेलिग्मन आणि ड्यूई या प्राध्यापकांचे ऋण आपण आवर्जून सांगतो, सांगायलाच हवे. पण १९२० मध्ये अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करायला आंबेडकर पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा पाच हजार रुपये कर्जाऊ देणारा हा भथेनाच होता. परदेशी शिक्षणाच्या जमाखर्चात वसतिगृहातल्या मैत्रीचे खाते सहसा उघडले जात नाही.

पुण्याचे नाव या विषयात अगत्याने येते. डॉ. शां. ब. मुजुमदार फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवत आणि वसतिगृहाचे रेक्टर म्हणून काम पाहत. एक मुलगी वसतिगृहाच्या खिडकीतून आतल्या मुलाला काहीतरी देते, हे त्यांच्या नजरेला आले. रेक्टरला येईल तीच शंका त्यांनाही आली. चौकशी केल्यावर कळले की तो मॉरिशसचा विद्यार्थी काविळीने अंथरुणाला खिळला होता आणि ती मैत्रीण त्याच्यासाठी जेवण आणत होती. परक्या शहरात आजारी पडलेल्या मुलाची एवढीच काय ती व्यवस्था होती. परदेशी विद्यार्थ्यांना एकत्र आणण्याची मुजुमदारांची धडपड इथून सुरू झाली आणि १९७१ मध्ये सिंबायोसिस ही संस्था स्थापन झाली. आज तिची ओळख मोठ्या खासगी विद्यापीठाची आहे. मुळात मात्र तिथे परदेशी मुलांची काळजी हाच मुख्य विषय होता.

आता थोडे आकडे. केंद्र सरकारच्या उच्चशिक्षण पाहणीनुसार २०२१-२२ मध्ये भारतात सुमारे ४७ हजार परदेशी विद्यार्थी होते. सर्वाधिक, म्हणजे २८ टक्क्यांच्या आसपास नेपाळचे, त्याखालोखाल अफगाणिस्तानचे. २०१८ मध्ये 'स्टडी इन इंडिया' योजना आली तेव्हा २०२३ पर्यंत दोन लाखांचे उद्दिष्ट ठेवले होते. ते पार हुकले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने परदेशी विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत त्यांच्या स्वागताचा आणि मदतीचा स्वतंत्र कक्ष असावा असे सांगितले. कक्ष निघाले. पण त्यांचा बहुतेक वेळ फी, समकक्षता प्रमाणपत्र आणि व्हिसाची पत्रे यांतच जातो. तिथल्या कर्मचाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. शेकडो फायली सांभाळणाऱ्या लिपिकाने संध्याकाळी मुलांबरोबर खोली शोधत फिरावे ही अपेक्षाच चुकीची आहे.

खोली शोधणे म्हणजे काय, ते जवळून पाहण्यासारखे आहे. नेपाळ-भूतानच्या विद्यार्थ्यांना यातून सूट आहे. पण इतर बहुतेक देशांतून दीर्घ मुदतीच्या विद्यार्थी-व्हिसावर आलेल्या मुलाला चौदा दिवसांत नोंदणी करावी लागते. त्यासाठी पत्त्याचा पुरावा हवा. वसतिगृहात जागा नसेल तर भाडेकरार हवा. करार करणाऱ्या घरमालकाने परदेशी भाडेकरूची माहिती देणारा, 'सी फॉर्म' या नावाने ओळखला जाणारा फॉर्म ऑनलाइन भरायला हवा, तोही मुलगा राहायला आल्यापासून चोवीस तासांत. म्हणजे आधी स्वतःचे खाते उघडून. सदाशिव पेठेतल्या किंवा विमाननगरच्या साध्या घरमालकाने हे नाव कधी ऐकलेले नसते. पोलीस, फॉर्म, परदेशी हे तीन शब्द एका वाक्यात आले की तो सरळ नाही म्हणतो. आता याच जागी तिसऱ्या वर्षाचा एखादा पुणेरी मुलगा सोबत असेल, तर चित्र पालटते. काका, मी भरून देतो फॉर्म, माझा नंबर ठेवा, काही लागले तर फोन करा, असे मराठीत म्हणणारा कोणी उभा राहिला की दार उघडण्याची शक्यता कितीतरी वाढते. त्याला यात कायदा मोडायचा नाही, वशिला लावायचा नाही. त्याला लागतो तो अर्धा तास आणि भाषा.

तीच गोष्ट वर्गातली. इंटर्नल मार्क म्हणजे काय, जर्नल कधी सही करून घ्यायचे, बोनाफाइड कोणत्या खिडकीवर मिळते, एटीकेटी म्हणजे नापास की पास, परीक्षेचा फॉर्म भरायची तारीख कुठल्या फलकावर लागते. यातले काहीही माहितीपुस्तिकेत नसते, पण सगळ्यांना ठाऊक असते. युरोपात प्राध्यापकाला पहिल्या नावाने हाक मारत आलेल्या मुलीला इथे सर-मॅडम म्हणायचे हे सांगावे लागते. मेहतांनी गांधींना दिलेल्या सल्ल्याच्या अगदी उलट! आणि सर वर्गात आले की सगळे का उठतात, हेही सांगावे लागते.

या विषयावर संशोधन भरपूर झाले आहे. नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ स्वेरे लिसगार्ड यांनी फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेत राहून आलेल्या २०० नॉर्वेजियनांच्या मुलाखती घेऊन १९५५ मध्ये निष्कर्ष मांडला : सुरुवातीचे दिवस बरे जातात, सहा ते अठरा महिने राहिलेल्यांची अवस्था सर्वात अवघड असते, त्यापुढे पुन्हा घडी बसते. नंतरच्या अभ्यासकांनी हा आलेख सरसकट सगळ्यांना लागू नाही, कित्येकांना पहिलेच आठवडे सर्वात जड जातात, असे दाखवून दिले. दोन्ही म्हणणी एकत्र वाचली तर विद्यापीठांसाठी एकच अर्थ निघतो. मदत पहिल्या दिवसापासून हवी आणि ती पहिल्या आठवड्यात संपता कामा नये. आपल्याकडे ती स्वागत-समारंभाच्या चहाबरोबर संपते.

दुसरे काम स्टीफन बॉकनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे, १९७७ मधले. परदेशी विद्यार्थ्यांची मैत्री तीन वर्तुळांत असते असे त्यांनी मांडले : आपल्या देशाचे, इतर परदेशी आणि स्थानिक. मनातले बोलायला देशबांधव, करमणुकीला इतर परदेशी, आणि स्थानिक माणूस प्रामुख्याने कामापुरता. हे तिसरे वर्तुळ आपोआप वाढत नाही, मुद्दाम वाढवावे लागते. वेस्टवुड आणि बार्कर यांनी १९९० मध्ये परदेशी आणि स्थानिक विद्यार्थ्यांच्या जोड्या लावण्याच्या उपक्रमाची पाहणी प्रसिद्ध केली. जोडीदार मिळालेल्यांची अभ्यासातली कामगिरी अधिक चांगली आणि गळतीचे प्रमाण कमी आढळले. परदेशी मुलांसाठी वेगळे वसतिगृह बांधून त्याला सुविधा म्हणणाऱ्यांनी हे वाचायला हवे. वेगळ्या इमारतीत सुरक्षितता असेल. ओळख मात्र होत नाही.

ओळख नसली की काय होते, याचे दाखले दूरचे नाहीत. २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात एका स्थानिक मुलाच्या मृत्यूनंतर अफवा पसरल्या आणि जमावाने आफ्रिकी विद्यार्थ्यांना मॉलमध्ये गाठून मारले. मार्च २०२४ मध्ये अहमदाबादला विद्यापीठाच्या वसतिगृहात रात्री नमाज पढणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांवर बाहेरचा जमाव चालून आला. फेब्रुवारी २०२५ मध्ये भुवनेश्वरच्या एका खासगी विद्यापीठात नेपाळी विद्यार्थिनीच्या मृत्यूनंतर न्याय मागणाऱ्या तिच्या देशबांधवांनाच कॅम्पस सोडायला सांगितले गेले, आणि मग प्रकरण नेपाळच्या पंतप्रधानांपर्यंत गेल्यावर माफी मागितली गेली. एका सोबत्याने जमाव थांबला असता असा दावा भाबडा ठरेल. पण ज्या कॅम्पसवर प्रत्येक परदेशी मुलाचे दोन-चार स्थानिक मित्र असतात, तिथे अफवेला उत्तर देणारी तोंडे असतात.

इथेच एक बोचणारी गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. एका सत्रापुरत्या आलेल्या जर्मन किंवा फ्रेंच मुलांचे सोबती व्हायला आपली मुले उत्साहाने नावे देतात. इंग्रजीचा, जर्मनचा सराव होतो, पुढे तिकडे जायचे असते. तीन-चार वर्षे राहणाऱ्या सुदानी, येमेनी, अफगाण मुलांच्या वाट्याला हा उत्साह येत नाही. गरज मात्र त्यांचीच अधिक असते. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल पडले तेव्हा पुण्यातल्या अफगाण विद्यार्थ्यांपुढे घरच्यांची काळजी, आटलेले पैसे आणि संपत आलेला व्हिसा हे सगळे एकदम उभे राहिले. अशा वेळी कामी येते ती आधीपासून जुळलेली ओळख.

युरोपने यातून एक वाट काढली आहे. १९८७ मध्ये विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीची इरॅस्मस योजना ११ देशांतल्या ३,२४४ विद्यार्थ्यांनिशी सुरू झाली. परत आलेल्या मुलांनी दोन-तीन वर्षांतच स्वतःची संघटना, इरॅस्मस स्टुडंट नेटवर्क, उभी केली आणि आपल्या गावी येणाऱ्या परदेशी मुलांची जबाबदारी घेतली. जो बाहेर राहून आला, तोच उत्तम सोबती होतो. २०२३-२४ मध्ये जर्मनीत ४९ हजारांवर भारतीय विद्यार्थी होते, तिथल्या परदेशी विद्यार्थ्यांत सर्वाधिक. त्यांत मराठी मुले भरपूर. तिथेही घर मिळाल्यावर दोन आठवड्यांत पत्ता नोंदवावा लागतो आणि अनेक विद्यापीठांत 'बडी' त्या रांगेत सोबत उभा राहतो. परतलेल्या अशा मुलांची यादी आपल्या विद्यापीठांनी केली, तरी निम्मे काम होईल.

आणि लाभ एकतर्फी नसतो. अमेरिकेतल्या मिडवेस्टमधल्या महाविद्यालयांचे विद्यार्थी अनेक वर्षे पुण्यात येत, घरांतून राहत, मराठी शिकत. त्या महाविद्यालयांपैकी कार्लटनमध्ये एलिनॉर झेलियट शिकवत. आंबेडकरी चळवळीवरचा त्यांचा प्रबंध १९६९ चा. गेल ऑम्वेट याच कार्लटनच्या. त्यांनी सत्यशोधक आणि ब्राह्मणेतर चळवळीवर पायाभूत काम केले आणि कासेगावला घर केले. मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणला राहून, जाई निंबकरांच्या साथीने परदेशी विद्यार्थ्यांसाठी मराठीची पाठ्यपुस्तके लिहिली. या बायकांना कोणीतरी घरात घेतले, भाषा शिकवली, गावोगाव नेले. महाराष्ट्राला स्वतःविषयीचे केवढे ज्ञान त्यातून मिळाले!

करायचे काय, ते अवघड नाही. नव्या धोरणानुसार महाराष्ट्रात सहअभ्यासक्रम आणि समाजसंपर्क प्रकल्पांना श्रेयांक मिळतात. परदेशी विद्यार्थ्याला वर्षभर सोबत देण्याला ते का मिळू नयेत? मात्र त्याआधी या मुलांना प्रशिक्षण हवे. सोबत्याने काय करायचे नाही हेही त्यांना कळले पाहिजे. पैसे उसने द्यायचे नाहीत, धर्मावरून शिकवण द्यायची नाही, मानसिक आजाराची लक्षणे दिसली तर स्वतः उपचार करायला न बसता समुपदेशकाकडे न्यायचे. आणि प्रत्येक दहा-बारा सोबत्यांमागे एक जबाबदार प्राध्यापक हवा, ज्याच्या कार्यभारात हे तास धरलेले असतील. नाहीतर दोन हौशी मुले दमेपर्यंत उपक्रम चालतो, मग बंद पडतो.

महाविद्यालयांना सुट्टी लागते तेव्हाचा विचार करा. वसतिगृहे रिकामी होतात, खानावळी बंद राहतात. परदेशी मुले मात्र तिथेच असतात, कारण पंधरा दिवसांसाठी खार्टूमला किंवा ताश्कंदला जाऊन येणे त्यांना परवडत नाही. पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, मुंबईच्या वाचकांनी जवळच्या वसतिगृहाच्या रेक्टरला एक फोन करावा, सुट्टीत कोण कोण मागे राहिले आहे ते विचारावे आणि त्यांतल्या दोघांना घरी जेवायला बोलवावे. घरात भाड्याने द्यायची खोली असेल, तर 'सी फॉर्म' भरायला एखाद्या कॉलेजातल्या मुलाची मदत घ्यावी आणि ती खोली त्यांना द्यावी.