भरणारा आणि थांबणारा

सोसायटीचं कर्ज 31 मार्चच्या आत भरणारा माणूस शहाणा की खुळा? बदलापूर-अंबरनाथकडच्या आमच्या भातवाल्या गावांत हा प्रश्न दर कर्जमाफीला निघतो. 2008 ला निघाला, 2017 ला निघाला, 2019 ला परत. 2017 ला थकलेल्याचं दीड लाखापर्यंत माफ झालं आणि वेळेत भरणाऱ्याला जास्तीत जास्त 25 हजार. मग लोक म्हणणारच, "दादा, भरलंस कशाला? थांबला असतास तर सुटला असतास."

नुसता हिशेब मांडला तर त्यांचं खरं आहे. पण सोसायटीतला पैसा राज्य बँकेकडून जिल्हा बँकेत आणि तिथून गावात येतो. वसुली तुंबली की वरून हात आखडतो. मग ज्यानं पै न् पै भरली, त्यालाही जूनमध्ये बियाण्या-खतासाठी सावकाराचं दार गाठावं लागतं. 1904 चा सहकाराचा कायदा आला तो सावकाराच्या व्याजातून कुणब्याला सोडवायला. थांबणाऱ्याला माफी सरकार देईल तेव्हा देईल; तोवरचा त्याचा भार शेजारीच उचलत असतो.

थकणारे सगळे लबाड नसतात, हेही सांगतो. कापलेलं भात अवकाळीत भिजून खाचरातच कोंब फुटले, त्यानं भरायचं कशातून? त्याला माफी हवीच. बरेच जण तर नवं-जुनं करतात. मार्चअखेर उसने आणून भरायचे, आठ दिवसांत तेच कर्ज परत उचलायचं. कागद स्वच्छ, माणूस तिथंच. माझा राग आहे तो एक तुकडा बिल्डरला देऊन दारात गाडी उभी करणाऱ्यावर, जो वर म्हणतो, "बघू, माफी येईल."

त्याच जमिनींवर आता इमारती आहेत. त्यांच्याही सोसायट्या 1960 च्या त्याच कायद्याखाली. तिथंही मेंटेनन्स थकवणारे आहेत, आणि लिफ्ट दोघांनाही वर नेते. पंपाचं बिल भरणाऱ्यांच्याच पैशातून जातं.

थकबाकीदाराला सोसायटीच्या कमिटीवर जाता येत नाही. हा नियम मला पटतो. पण गाडीवाल्याला आणि कोंब फुटलेल्या भातवाल्याला तो सारखाच लागतो, तिथं मन अडखळतं.