मदतीचे माप

संकटात सापडलेल्यांना मदत करावी, याविषयी जगात कोठेही दुमत नाही. मतभेद सुरू होतात ते पुढच्या प्रश्नावर : कोणाला किती द्यावे आणि ते कशाने मोजावे? ज्याचे अधिक गेले त्याला अधिक, की ज्याची गरज अधिक त्याला अधिक? हा प्रश्न शासनाचा वाटतो. पण त्याचे मूळ न्यायाच्या कल्पनेत आहे आणि न्याय हा दीनचा पाया आहे.

आपल्या सास्तूरने हा प्रश्न प्रत्यक्ष पाहिला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणेश विसर्जन करून गावे झोपलेली असताना, जमीन हादरली. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदे माणसांवर कोसळली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत हजारो जीव गेले. ढिगाऱ्याने कोणाचा धर्म विचारला नाही, की कोणाचा सातबारा पाहिला नाही.

पुनर्वसनात मात्र सातबारा पाहिला गेला. जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्याने राज्य शासनाने ५२ गावे नव्या जागी वसवली. घरांचे आकार तीन होते : भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४००, आणि त्याहून अधिक जमीन असणाऱ्यांना ७५०. या धोरणाची चांगली बाजू नाकारणे अन्यायाचे ठरेल. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती, त्यालाही पक्के घर मिळाले. शेतकऱ्याला धान्य, अवजारे ठेवायला जागा अधिक लागते, हेही खरे. परंतु घरात माणसे राहतात आणि माप माणसांचे नव्हते, जमिनीचे होते. सात जणांच्या मजूर कुटुंबाला सर्वांत लहान घर आणि तिघांच्या बागायतदार कुटुंबाला तिप्पट मोठे, असे या नियमात सहज घडू शकत होते.

येथे फिक्हमधील एक भेद उपयोगी पडतो. कोणी दुसऱ्याची वस्तू नष्ट केली, तर त्याच्यावर ‘जमान’ म्हणजे भरपाई येते आणि ती नुकसानीइतकीच असते. भूकंपात असा कोणी अपराधी नसतो. म्हणून सार्वजनिक निधीतून जे दिले जाते, ती भरपाई नसून मदत असते. आणि मदतीचे माप वेगळे आहे. हजरत कबीसा (रजि.) यांच्याकडून आलेल्या, सहीह मुस्लिममधील हदीसचा आशय पाहा : ज्याची मालमत्ता आपत्तीने नष्ट झाली, त्याला मागण्याची मुभा आहे, मात्र त्याचे जगणे पुन्हा उभे राहीपर्यंतच. कालचा श्रीमंत आज उघड्यावर आला, तर त्यालाही हक्क आहे. पण मर्यादा त्याच्या गेलेल्या वैभवाची नाही, उभे राहण्याची आहे.

हा वाद आपल्या इतिहासातही झाला आहे. हजरत अबू बक्र (रजि.) यांनी सार्वजनिक निधी सर्वांना समान वाटला. दीनमध्ये कोण आधी आला, याचे फळ अल्लाहकडे आहे; येथे प्रश्न उदरनिर्वाहाचा आहे, अशी त्यांची भूमिका होती. हजरत उमर (रजि.) यांनी पूर्वसेवा आणि त्याग पाहून श्रेणी लावल्या. पुढे मात्र, आणखी जगलो तर सर्वांना समान करीन, असा मनोदय त्यांनी व्यक्त केल्याची नोंद इमाम अबू यूसुफ यांच्या ‘किताबुल खराज’मध्ये आहे. एवढ्या मोठ्या शासकानेही आपले माप पुन्हा तपासले.

समानता म्हटली की प्रश्न सुटला, असेही नाही. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियाच्या आचे प्रांतात ३६ चौरस मीटरचे, म्हणजे सुमारे ३९० चौरस फुटांचे घर हे सर्वसाधारण माप ठरले. परंतु घराचा हक्क जागेच्या मालकीशी जोडल्याने भाडेकरू प्रारंभी बाहेर राहिले. मालकीचे माप असे समानतेतूनही मागच्या दाराने शिरते.

हा विषय १९९३ सालापुरता नाही. आजही अतिवृष्टीत पिके गेली की मदत हेक्टरी मिळते. शेतकऱ्याचा तो हक्कच आहे. पण त्याच शेतात खुरपणी आणि काढणी करणाऱ्या मजुराचा रोजगारही त्याच पाण्यात वाहून जातो आणि पीकहानीच्या यादीत त्याचे नाव नसते. संपत्ती केवळ धनवंतांमध्येच फिरत राहू नये, हा सूरह हश्रच्या सातव्या आयतीतील हेतू अशा वेळी आठवला पाहिजे.

शासनाला प्रश्न विचारण्याआधी तो आपण आपल्या हातालाही विचारू या. आपली जकात, मशिदीचा निधी, रमजानमधील शिधा आपण कोणत्या मापाने वाटतो? ओळखीच्या, नात्याच्या, की गरजेच्या? प्रेषित मुहम्मद (स.) ‘फय’ची संपत्ती वाटताना कुटुंबवाल्याला दोन हिस्से आणि एकट्याला एक देत, असे अबू दाऊदमधील हदीसमध्ये आले आहे. तेव्हा यंदा यादी करताना नावापुढे रक्कम लिहिण्यापूर्वी घरातील माणसे, आजारी आणि कमावते हात लिहा. ग्रामसभेत घरकुलाची यादी वाचली जाईल तेव्हा उपस्थित राहा आणि जो गरजू त्या यादीत नाही, त्याच्यासाठी बोला, मग तो कोणत्याही धर्माचा असो.

अल्लाह आपल्याला न्यायाने मोजण्याची आणि मोकळ्या हाताने देण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.