सुगंधाचं श्रेय कुणाला?

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असं आपण फार सहज बोलतो. दगडाला दुखतं का हे विचारायची सोय नाही. म्हणून हा दावा तपासायला वनस्पती बरी. दाखलाही तयार असतो: पाणी कमी मिळालेली, उन्हात करपणारी तुळस जास्त घमघमते. हे अर्धंच खरं आहे. तुळशीचं तेल पानावरच्या सूक्ष्म ग्रंथींत असतं, पान चुरगळलं की त्या फुटतात. पाण्याचा ताण पडला की पानं लहान राहतात, ग्रंथी दाट होतात आणि वजनाच्या मानाने तेल बरेचदा वाढतं. पण झाडच खुरटल्यामुळे एकूण तेल घटू शकतं, आणि ताण आणखी वाढला तर झाड वाळतं. वास वाढला म्हणजे झाडाचं भलं झालं, असं नव्हे.

याहून बोलकं उदाहरण दक्षिण फ्रान्समधलं. माँपेलिएच्या उत्तरेला साँ-मार्तँ-द-लोंद्रच्या खोऱ्यात हिवाळ्यात गार हवा तळाशी साचते. तिथल्या रानटी थाइम या झुडपाचा वास सौम्य. भोवतालच्या कोरड्या, खडकाळ उतारांवरच्या थाइमला मात्र थायमॉल-कार्व्हाक्रॉलचा, म्हणजे आपल्या ओव्यासारखा, झणका. जागेनेच वास घडवला असं वाटावं! पण रोप हलवलं तरी तेलाचा प्रकार तोच राहतो. तो आनुवंशिक आहे. झणझणीत जातीला कडाक्याचा गारठा सोसत नाही, एवढंच. पुढे हिवाळे सौम्य झाले. 1970च्या दशकात पाहिलेल्या जागा 2009-10च्या सुमारास पुन्हा तपासल्या, तेव्हा पूर्वी जिथे ही झणझणीत जात नव्हती अशा काही ठिकाणी ती उगवलेली आढळली. थंडीने कुणाला सुगंध दिला नव्हता, काहींना मारलं होतं. प्रवचनकाराला उरलेली झाडं दिसतात, मेलेली दिसत नाहीत.

कुणी म्हणेल, माणूस म्हणजे झाड नव्हे; तो दुःखाला अर्थ देऊ शकतो. मान्य. पण मग श्रेय अर्थ देणाऱ्याचं, दुःखाचं कसं? राहिला तपाचा मुद्दा. तप माणूस स्वतः स्वीकारतो, लादलेले हाल म्हणजे तप नव्हे. आणि गीतेच्या सतराव्या अध्यायात तर देहाला छळणारं घोर तपही आसुरी ठरवलं आहे. तेव्हा आजाऱ्याच्या उशाशी बसून टाकीच्या घावांची म्हण ऐकवू नये. त्याला पाणी हवंय का, ते विचारावं.