पडलेल्या घराचा शोक

गतवस्तूंविषयीं हळहळणें हा मनुष्यस्वभाव आहे आणि अशा वस्तूंत बालपणींचें घर सर्वांत आधीं येतें. या हळहळीस कोणी दोष देत नाहीं. परंतु जें घर पडलें तें गांवावर सत्ता चालविणारा वाडा असला, आणि ज्या उत्पन्नावर त्याचे खांब उभे होते तें अन्यायाचें होतें असें आपणांस पुढें कळून चुकलें, तर त्या घराविषयीं शोक करण्याचा नैतिक अधिकार आपणांस उरतो काय? हा प्रश्न दिसतो तितका हळवा नाहीं. आपल्या पूर्वजांकडे आणि आपल्या शेजाऱ्यांकडे कोणत्या दृष्टीनें पाहावयाचें हें त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे.

प्रश्न हवेंत राहूं नये म्हणून परिचयांतलें उदाहरण घेऊं. रत्नागिरी जिल्ह्यांतील एका खोताचा वाडा हें आमचें आजोळ. जांभ्या दगडाचें उंच जोतें, पुढें लांब पडवी, मग ओटी व तीवर पितळी कड्यांचा झोपाळा, आणि आंत माजघर. तें इतकें काळोखी कीं भर दुपारीं देवघरांतील समई तेवढी दिसे. मागील दारीं रहाट चाले व त्याचें पाणी पाटानें पोफळींना जाई. वैशाखांत माजघरांत फणस पिकत पडत व त्यांचा वास माळ्यापर्यंत चढे. त्या घराचा शेवट कोठें होतो हें आम्हां मुलांस कधींच उमगलें नाहीं. कोठारांत भाताचीं जुनीं लांकडी मापें उपडीं पडलेलीं असत. ते आमचे नगारे. आम्ही कॉलेजांत जाऊं लागलों त्या सुमारास तो वाडा उतरविण्यांत आला. सागवानी खांब व तुळया जुन्या सामानाच्या व्यापाऱ्यानें नेल्या, आणि जांभ्याचे चिरे गांवांतल्याच कोणाकोणाच्या गडग्यांत गेले.

तीं मापें नगारे नव्हतीं. खोत म्हणजे मूळचा सरकारसारा गोळा करून भरणारा मध्यस्थ. १८८० च्या खोती कायद्यानें त्याचे व कुळांचे हक्क लेखी ठरविले. पिकाचा निम्मा वाटा खोतास द्यावयाचा तो अर्धेल, तिसरा हिस्सा द्यावयाचा तो तिर्धेल; शिवाय वेठ होतीच. याविरुद्ध कुलाबा जिल्ह्यांत चरी व आसपासच्या गांवच्या कुळांनीं नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखालीं १९३३ पासून १९३९ पर्यंत संप चालविला आणि जमिनी कसण्याचें नाकारून स्वतः हाल सोसले. १७ सप्टेंबर १९३७ रोजीं डॉ. आंबेडकरांनीं मुंबईच्या विधिमंडळांत खोती नष्ट करण्याचें बिल मांडलें. जानेवारी १९३८ मध्यें हजारों शेतकरी मोर्चानें मुंबईच्या कौन्सिल हॉलकडे गेले. खोती गेली ती १९४९ च्या कायद्यानें. आणि पुढें १ एप्रिल १९५७ या कृषकदिनापासून कसणारा कूळ हा जमिनीचा मालक मानला जाऊं लागला.

तेव्हां आम्ही पाहिला तो वाडा पाया काढून घेतलेला, केवळ संवयीनें उभा राहिलेला वाडा होता. कोंकणांतल्या पावसांत कौलारू छप्पर दरसाल शाकारावें लागतें. एक वर्ष चुकलें कीं पाणी वाशांत मुरतें, आणि मागोमाग वाळवी येते. ज्या घरास दरसाल फुकटचे हात लागत होते, त्यास विकतचे हात परवडेनात. मुंबईच्या मनिऑर्डरींवर माणसें जगलीं, छप्पर जगलें नाहीं. वाड्याचा विस्तारच वेठीच्या हिशेबानें आंखलेला होता. वेठ संपली, त्याच दिवशीं तो विस्तार अशक्य झाला.

वाडा उतरवितांना मजुरांत एका जुन्या कुळाच्या घरचे वृद्ध गृहस्थ होते. भात घालावयास लहानपणापासून ते आपल्या वडिलांबरोबर त्या अंगणांत येत आणि माप होईपर्यंत उन्हांत उभे राहत. ओटीच्या आंत त्यांचें पाऊल कधीं पडलें नव्हतें. भिंत खालीं आली, माजघरावर प्रथमच ऊन पडलें, आणि ते घटकाभर तेथें उभे राहून म्हणाले, “एवढेंच होतें काय?” आंतून आम्हांस जें घर अमर्याद वाटे, तें त्यांस अंगणांतून त्याहूनही मोठें दिसलें असलें पाहिजे.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. असे वाडे पडले ते केवळ आपल्याकडेच नव्हे. इंग्लंडांतील जमीनदारांचीं शेंकडों ग्रामगृहें विसाव्या शतकांत पाडलीं गेलीं. १९७४ सालीं लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्यें त्यांवर प्रदर्शन भरलें, आणि पाडलेल्या घरांचीं नांवें तेथें मृतांच्या यादीप्रमाणें वाचून दाखविण्यांत येत. पुढें २०२० सालीं नॅशनल ट्रस्ट या संस्थेनें आपल्या ताब्यांतील ९३ वास्तूंचा वसाहती व गुलामगिरी यांच्याशीं असलेला संबंध एका अहवालांत मांडला, तेव्हां त्या संस्थेवर टीकेची झोड उठली. नांवें ऐकून गहिंवरणें सोपें गेलें. हिशेब ऐकणें जड गेलें. हीच गोष्ट आपल्याकडे दोन रीतींनीं घडते. कोणी लाजेनें वाड्याचें नांवच काढीत नाहींत. कोणी ‘आमच्या आजोबांनीं कोणासही छळलें नाहीं’ असें म्हणून स्मृतीचीच वकिली करतात. पहिले आपलें बालपण खोटें ठरवितात, दुसरे दुसऱ्याचें.

आमच्या मतें या गोंधळाचें मूळ एकच आहे: शोक आणि पुनःस्थापनेची इच्छा या दोन भिन्न वस्तू आपण एक समजतों. जें परत यावें असें आपणांस वाटत नाहीं, त्याविषयींही शोक होऊं शकतो. यावर कोणी म्हणेल, ज्याचें मरण न्याय्य मानलें त्याच्यासाठीं रडणें हें ढोंग नव्हे काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. माजघराचा गारवा, फणसाचा वास, रहाटाचा आवाज यांनीं कोणाचा वाटा घेतला नाहीं. ते अनुभव खरे होते, व खऱ्याविषयींचा शोकही खराच. मात्र त्या गारव्याची किंमत कोणीतरी अंगणांतल्या उन्हांत भरली होती. मुलास हें ठाऊक नसतें, म्हणून मुलाची स्मृति निर्दोष असते; प्रौढास तें ठाऊक असतें, म्हणून मुलाच्याच शब्दांत ती सांगण्याची मोकळीक त्यास उरत नाहीं. त्यानें झोपाळ्याबरोबर मापही सांगितलें पाहिजे.

अशा शोकाची कसोटी काढावयाची तर ती अशी: जो मनुष्य त्या अंगणांत उभा राहिला होता, त्याच्या समक्ष आपला शोक आपणांस बोलून दाखवितां येईल काय? जो शोक केवळ आप्तेष्टांच्या बैठकींतच बोलतां येतो, त्यांत गेलेल्या हक्काची हळहळ कोठें तरी दडलेली असते. जो त्याच्यापुढेंही बोलतां येतो, आणि शेवटीं ‘पडला तें योग्यच झालें’ असें म्हणूं शकतो, तोच शुद्ध.

मातीचा वाडा पुन्हां उभा राहणार नाहीं, व राहूंही नये. स्मृतींतला वाडा मात्र आपण रोज बांधीत असतों, आणि तो कसा बांधावा हें सर्वस्वीं आपल्या हातीं आहे. निदान त्याचें माजघर तरी अंगणांतल्या माणसांस उघडें असावें.