परवाना आणि वर्दी

परवाना घेऊन अश्मीभूत अस्थी जमविणाऱ्या हौशी माणसाने आपल्या शोधाची वर्दी द्यावी, ही सौजन्याची बाब की कर्तव्याची? नेवाशाजवळ प्रवरेच्या काठी, घट्ट झालेल्या वाळूगोट्यांच्या थरांत, लुप्त झालेल्या रानबैलाच्या अस्थी दगडी हत्यारांसह मिळाल्या, डॉ. हसमुख सांकलियांनी १९५६ साली त्यांचा वृत्तांत दिला. बैल व मनुष्य तेथे एकाच काळी वावरत होते, हे अस्थींनी नव्हे, थराने सांगितले. परवाना अस्थी उचलण्याचा अधिकार देतो. थराची हकीकत गिळून टाकण्याचा नव्हे.

याच नदीवर दायमाबादेस १९७४ साली झुडपाचे मूळ खणताना एका गावकऱ्यास रथ, हत्ती, गेंडा व रेडा अशा चार धातुमूर्ती लाभल्या. पुढे त्या पुरातत्त्व खात्याकडे आल्या. तथापि त्या रीतसर उत्खननात निघाल्या नसल्यामुळे त्यांच्या काळाविषयी विद्वानांत अद्याप एकमत नाही. त्या गावकऱ्यास बोल लावणे अन्यायाचे होईल. थराचे मोल त्यास कोणी सांगितले होते? परवानाधारकास मात्र ही सबब उरत नाही. ठिकाण फुटले की लुटारू धावतील, असे तो म्हणेल, आणि ही भीती अगदीच पोकळ नव्हे. मग ठिकाण वर्तमानपत्रास न सांगता अधिकाऱ्यास व अभ्यासकास सांगावे. ते गुप्त ठेवण्याची विनंतीही त्याच पत्रात करता येते.