लुकलुकणारा दिवा आणि घरधनी

वाचनासाठीं : लेवीय, अध्याय १४, ओव्या ३३ ते ५३



मोशेच्या नियमशास्त्रांतील हा भाग आपल्या मंडळ्यांत क्वचितच वाचला जातो. त्याच अध्यायाचा पूर्वार्ध, म्हणजे कुष्ठी माणसाच्या शुद्धीचा विधि, पुष्कळांस ठाऊक असतो, कारण प्रभूनें बऱ्या केलेल्या कुष्ठ्यास याजकाकडे जाण्यास कां सांगितलें, हें त्यावरून उलगडतें. उत्तरार्ध माणसाविषयीं नसून घराविषयीं आहे. भिंतीवर हिरवट किंवा तांबूस चट्टा उठला आणि तो वरवरचा नसून भिंतींत खोल गेलेला दिसला, तर काय करावें, हें तेथें सांगितलें आहे. ज्यांस हें सांगितलें ते लोक त्या वेळीं रानांत तंबूंत राहत होते. त्यांस भिंत नव्हती कीं छप्पर नव्हतें. घर मिळण्यापूर्वींच घराच्या दुखण्याची व्यवस्था त्यांस शिकविण्यांत आली.

या विधींत पहिलें पाऊल याजकाचें नाहीं, घरधन्याचें आहे. त्यानें जाऊन कळवावयाचें, कीं घरांत असें कांहींसें दिसत आहे. चट्टा कसला हें ठरविणें त्याचें काम नव्हे. पण दिसल्यावर गप्प न बसणें हें त्याचेंच काम आहे, दुसऱ्या कोणाचें नाहीं. आपल्या भंडारा जिल्ह्यांतील जुन्या घरांतून असाच एक चट्टा पुष्कळ दिवस दिसत आहे, आणि त्याविषयीं कोणी कोणास कळवीत नाहीं. तो म्हणजे लुकलुकणारा विजेचा दिवा.

जाड मातीच्या भिंती, सागाचें आढें, वर कवेलू, अशीं हीं आपलीं घरें. तीं बांधलीं तेव्हां आपल्या खेड्यांत वीज म्हणजे आकाशांतलीच. पुढें खांब आले, आणि वाशांवर लांकडी पट्टी ठोकून तिच्यावरून तारा नेल्या गेल्या. दोन दिवे लागावेत एवढ्याच बेतानें तें काम झालें होतें. त्याच तारांवर नंतर पंखा चढला, दूरचित्रवाणी आली, मिक्सर आला, कोठें कोठें पाण्याची मोटरही आली. तारांवरचें वेष्टण चुलीच्या धुरानें व उन्हाच्या तावानें कडक होऊन तडकलें, धानाच्या कोठीभोंवतीं फिरणाऱ्या उंदरांनीं तें कुरतडलें, आणि कवेलू सरकल्यावर पावसाळ्याचे चार महिने ठिबकणारें पाणी सांध्यांत मुरत राहिलें. मग एके दिवशीं ओसरीवरचा दिवा लुकलुकूं लागतो. घरांतील कोणी बांबूची काठी घेऊन होल्डरला हळूच ठोसा देतें, दिवा नीट लागतो, आणि सर्वजण म्हणतात, झालें, सुधारला.

दिवा सुधारला नाहीं. त्याचें बोलणें तेवढें आपण बंद केलें. तो कां लुकलुकतो, हें नीट समजून घ्यावें. तारेचा सांधा सैल झाला, किंवा होल्डरांतील पितळी टोंक दबून गेलें, म्हणजे प्रवाहास जाण्याची वाट अरुंद होते. त्या अरुंद जागीं उष्णता उत्पन्न होते. उष्णतेनें धातु फुगतो, थंड झाल्यावर आकसतो, आणि असें वारंवार होऊन सांधा अधिकच सैल होतो. सैल झाला कीं अधिक तापतो. तेथें ओल पोंचली तर तांब्यावर हिरवा कळंक चढतो व लोखंडी स्क्रूवर तांबूस गंज. भंडाऱ्यास पितळेच्या भांड्यांचें गांव म्हणून पूर्वींपासून ओळखतात, तेव्हां कळंक म्हणजे काय हें आपल्या घरांतील स्त्रियांस समजावून सांगावयास नको. उताऱ्यांतील हिरवट व तांबूस चट्टा हा तारेवरचा कळंक होता असें मी म्हणत नाहीं. तो भिंतीचा रोग होता. पण रंग तेच आहेत, आणि खोल जाण्याची रीतही तीच आहे.

आतां याजक काय करतो तें पाहा. तो आंत पाऊल टाकण्यापूर्वीं घर रिकामें करण्यास सांगतो, म्हणजे आंतील सामानसुमान घराबरोबर अशुद्ध ठरूं नये. गरिबाचें अंथरूण व दाण्याची कणगी वांचविण्याची ही काळजी मला फार थोर वाटते. आपल्या बाबतींत घर रिकामें करणें म्हणजे मेन स्विच बंद करणें. भिंतीवरचें बटण बंद केलें एवढ्यानें भागत नाहीं. जुन्या कामांत पुष्कळदां बटण फेजच्या तारेवर न बसवितां चुकून न्यूट्रलच्या तारेवर बसविलेलें असतें. अशा घरीं बटण दाबल्यावर दिवा विझतो खरा, परंतु होल्डरांत २३० व्होल्टचा दाब तसाच उभा असतो. दिवा विझला म्हणून स्टुलावर चढून हात घालणाऱ्याचा जीव अशानेंच जातो.

या प्रसंगीं एक गोष्ट उपदेशक बंधूंनीं विशेष ध्यानांत ठेवावी. बटण बंद केल्यावरही रात्रभर एलईडी दिवा मंद काजव्यासारखा मिणमिणत राहतो, असें कित्येक घरीं घडतें, आणि मग भुताटकीच्या गोष्टी निघतात, कोणी लिंबू टांगतो, कोणी बाहेरचा जाणता बोलावतो. यांत भूत नाहीं. पूर्वींचा साठ वॉटचा बल्ब सुमारें पाव अँपिअर प्रवाह घेई, म्हणून थोडासा चोरटा प्रवाह वाहिला तरी तो दिसत नसे. नऊ वॉटचा एलईडी त्याच्या सहाव्या हिश्शाहूनही कमी प्रवाहावर पूर्ण प्रकाश देतो, आणि अगदीं कणभर प्रवाहावर मिणमिणतो. बटण न्यूट्रलवर असेल, किंवा भिंतीच्या ओलीतून प्रवाह झिरपत असेल, किंवा शेजारून जाणाऱ्या तारेचा परिणाम होत असेल, तर तो असा दिसतो. शेवटचें कारण निरुपद्रवी आहे, पहिलीं दोन नाहींत. आणि कोणतें खरें, हें पाहिल्यावांचून कळत नाहीं. लिंबानें तर मुळींच कळत नाहीं.

मग याजक पाहतो. पाहण्यालाही क्रम आहे. मेन स्विच बंद करून व काढावयाचा बल्ब थंड होऊं देऊन तो दुसऱ्या, चांगल्या चालणाऱ्या होल्डरांत बसवावा, आणि मगच वीज सोडावी. तेथेंही तो लुकलुकला तर दोष बल्बाचा, आणि थोडक्या पैशांत काम झालें. तेथें तो स्थिर लागला तर दोष मागें आहे : होल्डरांत, बटणांत, छताजवळच्या सांध्यांत किंवा बोर्डांत. घरांतील सर्वच दिवे एकदम मंद किंवा एकदम भलतेच प्रखर होऊं लागले, तर दोष घराबाहेर, मीटरकडे येणाऱ्या किंवा खांबावरच्या न्यूट्रल तारेंत असण्याचा संभव फार. मेन स्विच तत्काळ बंद करून महावितरणास कळवावें. खांबावर चढणारा हौशी मुलगा प्रत्येक गांवांत असतो. त्यास बोलावूं नये, आणि तो स्वतः आला तरी चढूं देऊं नये. बोर्ड हाताला गरम लागणें, त्यांतून चरचर असा आवाज येणें, होल्डरवर तपकिरी डाग पडणें, जळक्या रबरासारखा वास येणें, भिंतीला हात लावतांच मुंग्या येणें, यांपैकीं एकही दिसलें तर पुढें कांहीं पाहूं नये. मेन बंद, आणि माणूस बोलवा.

कोणी म्हणेल, याजकानें तर सात दिवस वाट पाहिली. होय, पण घर बंद करून. त्या सात दिवसांत त्या घरांत कोणी निजलें नाहीं. आपणांसही तारतंत्री येईपर्यंत वाट पाहावी लागेल, कारण धान कापणीच्या दिवसांत तो लवकर मिळत नाहीं. तर तोंपर्यंत ती तार बंद असूं द्यावी आणि कंदिलावर किंवा बॅटरीवर निभावून न्यावें.

सातव्या दिवशीं चट्टा पसरलेला आढळला तर बाधलेले दगड तेवढे काढावयाचे, भोंवतालचा लेप खरवडावयाचा, आणि तें सर्व गांवाबाहेर टाकून द्यावयाचें. सगळें घर पाडा, असा आरंभींच हुकूम नाहीं. तसेंच एक होल्डर जळला म्हणून साऱ्या घराच्या तारा बदला, असें कोणी सांगूं लागल्यास त्यास कारण विचारावें. परंतु जें बाधलें तें गांवाबाहेर, हें मात्र आपण पाळीत नाहीं. काळा पडलेला होल्डर पुढें कामास येईल म्हणून माळ्यावरच्या डब्यांत जातो आणि दोन वर्षांनीं गाईच्या गोठ्यांत लागतो. आणि चट्टा पुन्हां उठला तर? तर शास्त्र कठोर होतें : दगड, लांकूड, माती, सर्व खालीं. फ्यूज पुन्हां पुन्हां उडूं लागला, एक सांधा नीट करावा तों दुसरा जळूं लागला, तर जुन्या तारांचें आयुष्य संपलें असें समजावें. अशा वेळीं कित्येक घरधनी फ्यूजमध्यें जाड तार घालतात, म्हणजे तो उडत नाहीं. साक्षीदाराच्या तोंडांत बोळा कोंबण्याचाच हा प्रकार आहे. बारीक तार स्वतः वितळून घर वांचविते. जाड तार टिकून राहते आणि तिच्याऐवजीं वाशावरची तार तापते.

खर्चाचें मी जाणतों. धान विकल्यावर हातीं काय उरतें, हें ज्याचें त्यास ठाऊक. पण यांतलें थोडकें काम थोडक्यांत होतें, आणि एक खर्च तर टाळूंच नये : ३० मिलिअँपिअर एवढा प्रवाह भलत्या वाटेनें, म्हणजे भिंतींतून किंवा माणसाच्या अंगांतून, जाऊं लागतांच वीज तोडणारें एक यंत्र मेन स्विचजवळ बसवितां येतें. तें अर्थिंग तपासून घेऊन बसवावें.

आतां जें लिहावयाचें तें लिहितांना हात जड होतो. ९ जानेवारी २०२१ रोजीं मध्यरात्र उलटल्यावर आपल्या भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयांत नवजात बालकांच्या दक्षता कक्षास आग लागली. आंत सतरा बालकें होतीं. सात वांचलीं, दहा गेलीं. कित्येक तर ज्वाळेनें नव्हे, धुरानें गुदमरून गेलीं. आगीचा उगम बाळांस ऊब देणाऱ्या एका यंत्राच्या विजेच्या भागांत झाला, असें चौकशींत आढळलें. ज्या यंत्रापाशीं माउलीनें आपलें मूल विश्वासानें ठेविलें होतें, तेथूनच तें झालें. दोष कोणाचा हें ठरविण्यास न्यायासन आहे. हें पान तें काम करणार नाहीं. पण त्या रात्रीनंतर या जिल्ह्यांत तरी विजेचा लहानसा बिघाड हा शब्द कोणीं हलकेपणानें उच्चारूं नये.

निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायांत मारक्या बैलाचा निर्णय आहे, तो शेतकऱ्यास चटकन समजेल. बैलानें एकाएकीं शिंग मारून माणूस दगावला तर बैल मारावा, धनी निर्दोष. परंतु तो बैल पूर्वींपासून मारका होता, धन्यास तसें बजावलें होतें, आणि तरी त्यानें त्यास बांधून ठेविलें नाहीं, तर धन्यावरही रक्ताचा दोष येतो. सर्व भेद त्या एका बजावण्यांत आहे. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायांत नव्या घराच्या धाब्यास कठडा बांधण्याची आज्ञा आहे, तीही याच जातीची : पडणारा कोण असेल हें ठाऊक नसतांना आधींच बांधावयाचा. काठीनें ठोसा दिलेला दिवा हा बजावून झालेला बैल आहे. त्याच्याखालीं नातवंडें निजतात.

याजक कोण, हा प्रश्न राहिला. तो घरधनी नव्हे, उपदेशकही नव्हे. परवाना असलेला तारतंत्री. आपल्या मंडळ्यांतून कित्येक तरुण औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत हें काम शिकले आहेत. त्यांस बोलवावें आणि त्यांची मजुरी पुरी द्यावी. भाऊच आहे, फुकट करील, ही वृत्ति फार पसरली आहे, व तिच्यामुळें भाऊ घाईंत काम उरकून जातो.

उपासनामंदिरासही हेंच लागू. नाताळांत माळा लावतांना तारांचीं उघडीं टोंकें सॉकेटांत घालून आगकाडीनें दाबण्याची चाल अजून गेलेली नाहीं. त्या माळांखालीं गवताचा गोठा आणि कागदाचा तारा असतो. या वर्षीं प्रत्येक माळेस प्लग लावून घ्यावा, आणि तिचा प्लग मंडळीच्या पंचांपैकीं कोणी एकानें रोज रात्रीं स्वतः काढावा. आग लागलीच तर प्रथम मेन बंद करावा, मग कोरडी रेती टाकावी; वीज चालू असतांना पाणी मुळींच ओतूं नये. कोणी विजेस चिकटला तर त्यास हातानें ओढूं नये. मेन बंद करावा, तो दूर असेल तर कोरड्या लांकडावर उभें राहून कोरड्या बांबूनें तार बाजूस सारावी.

उताऱ्याच्या शेवटीं घर शुद्ध ठरल्यावर दोन पक्षी आणले जातात, आणि त्यांतला एक गांवाबाहेर मोकळ्या रानांत सोडला जातो. मग घरधन्यानें आपलीं अंथरुणें व भांडीं परत आंत नेलीं असतील. आपल्या घरीं काम पुरें झाल्यावर तारतंत्र्यास सोबत घेऊन एकेक बटण लावून पाहावें, आणि कोणत्या सांध्याचें काम केलें तें व त्या दिवसाची तारीख मेन स्विचशेजारच्या भिंतीवर खडूनें नव्हे, रंगानें लिहून ठेवावी.