घडविणाऱ्याचा हात आणि आपली हौस

एखादी वस्तू आपण वर्षानुवर्षे प्रीतीने जमवितो आणि एके दिवशी ती घडविणारा म्हणतो, "ही आता मी करणार नाही, यापुढे दुसरी करीन." आपल्याला दुःख होते, राग येतो, फसविल्यासारखे वाटते. हा राग न्यायाचा आहे काय? विकत घेणाऱ्याचा घडविणाऱ्यावर काही हक्क असतो काय? आणि घडविणाऱ्याचे घेणाऱ्याशी काही देणे लागते काय? प्रश्न खेळण्यांचा असल्यामुळे काहींना क्षुल्लक वाटेल. परंतु जो थोडक्याविषयी विश्वासू तोच पुष्कळाविषयीही विश्वासू, असे प्रभूने शिकविले आहे (लूक १६:१०). मनुष्याचे अंतःकरण पुष्कळदा मोठ्या प्रसंगापेक्षा लहान वस्तूपाशीच अधिक उघडे पडते.

इंग्लंडात नॉटिंगहॅम येथे गेम्स वर्कशॉप नावाची कंपनी आहे. ती बोटाएवढे लहान सैनिक, घोडेस्वार व राक्षस तयार करते. घेणारे ते जोडतात, बारीक कुंचल्याने रंगवितात, त्यांच्या फौजा उभ्या करतात आणि मेजावर लुटुपुटीची युद्धे खेळतात. 'वॉरहॅमर' हा त्यांचा खेळ १९८३ साली निघाला. २०१५ साली कंपनीने त्या खेळाचे जुने काल्पनिक जग मोडीत काढून नवे आणले, नियम बदलले, आणि पुष्कळ जुन्या आकृत्यांची विक्री हळूहळू थांबविली. कित्येक शौकीन इतके संतापले की एका खेळाडूने स्वतः रंगविलेली फौज पेटवून दिली व त्याची चित्रफीत लोकांस दाखविली. पुढे २०२४ साली कंपनीने ते जुने जग पुन्हा बाजारात आणले. जाळलेली फौज मात्र परत आली नाही.

या वादात दोन्ही बाजूंनी जे बोलले जाते ते आपल्या नेहमीच्या कानावरचे आहे. एक म्हणतो, "माल त्याचा, मर्जी त्याची, नको असेल तर घेऊ नका." दुसरा म्हणतो, "आमच्या पैशावर हा मोठा झाला, आता आम्हालाच विसरला." दोघांच्या बोलण्यात अर्धे अर्धे सत्य आहे. कारखान्यातून निघाली ती कोरी आकृती. तिच्यावर रात्री जागून रंग दिला तो घेणाऱ्याने. तेव्हा श्रम दोघांचे आहेत. प्रेमाने केलेल्या श्रमाला ऐकून घेतले जाण्याचा हक्क आहे, असे मला वाटते. परंतु ऐकून घेतले जाणे वेगळे आणि आपले म्हणणे मान्य झालेच पाहिजे असा हट्ट वेगळा. शिवाय घरातील फौज कोणी उचलून नेली नव्हती. गमावली ती सोबत खेळणाऱ्यांची मंडळी. खेळ बंद पडला की एकत्र बसणारे चार जण पांगतात. खरे दुःख बहुधा तेच असते, आणि ते दुःख खोटे नव्हे.

आता आपल्या जवळचे पाहू. धार आणि देवास ही माळव्यातील पवारांची संस्थाने. देवासला तर थोरली पाती व धाकटी पाती अशा दोन गाद्या होत्या. या संस्थानांमुळे मराठी घरे तेथे पिढ्यान् पिढ्या नांदत आली आहेत. देवासच्या शेजारी इंदुरात कातड्याची खेळणी होतात. तारेचा सांगाडा करायचा, त्यावर भरण घालून अंग भरायचे, आणि वरून मेंढीचे वा बकरीचे कमावलेले कातडे असे चिकटवायचे की घोड्याची मान, हत्तीची सोंड, हरणाचे पाय जिवंत वाटावेत. या खेळण्यांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे. असा घोडा दिवाणखान्यात ठेवून पाहुण्यांस कौतुकाने दाखविणारी घरे पुष्कळ आहेत.

परंतु आपल्या देशात कातड्याला हात लावणाऱ्याची काय गत होती, हे आपल्या मंडळ्यांस निराळे सांगावयास नको. घोडा दिवाणखान्यात आणि घोडा करणारा उंबऱ्याबाहेर, अशी रीत शतकानुशतके चालली. वस्तूवर प्रीती आणि वस्तू करणाऱ्याविषयी तिटकारा, या दोन गोष्टी एकाच मनात सुखाने राहू शकतात. म्हणून प्रेषितांच्या कृत्यांतील एक लहानशी नोंद मला फार मोलाची वाटते. पेत्र यापो येथे पुष्कळ दिवस राहिला तो कातडी कमावणाऱ्या शिमोनाच्या घरी (कृत्ये ९:४३). यहूदी लोकांतही तो धंदा हलका मानीत. त्याच घराच्या धाब्यावर पेत्राला दर्शन झाले आणि परराष्ट्रीयांसाठी दार उघडले. तेव्हा घडविणाऱ्यावर आपला हक्क किती, हे विचारण्यापूर्वी आपण त्याला माणूस म्हणून ओळखतो काय, हे आधी विचारले पाहिजे.

त्याला ओळखू लागलो की तो आपला माल का बदलतो हेही समजू लागते. मला तीन कारणे दिसतात, आणि तिन्हींचा न्याय सारखा नाही.

पहिले कारण, जुनी वस्तू अपायकारक असते. लंडनच्या ब्रिटन कंपनीने १८९३ साली शिशाचे पोकळ सैनिक करण्याची युक्ती काढली. वितळलेले शिसे साच्यात ओतायचे, आणि बाहेरची कड गोठताच आतले ओतून काढायचे. सैनिक हलका व स्वस्त झाला आणि जगभर गेला. परंतु शिसे विषारी आहे, आणि लहान मूल खेळणे तोंडात घालते. १९६६ साली त्या कंपनीने शिशाचे सैनिक करणे थांबविले. आपल्याकडे गणेशमूर्तींच्या बाबतीत असाच प्रश्न उभा राहिला. शाडूची माती पाण्यात विरघळते. प्लॅस्टर सहजी विरघळत नाही, पण ते हलके, स्वस्त व साच्यातून झटपट निघणारे आहे. २०२० साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने प्लॅस्टरच्या मूर्तींना मनाई करणारी सुधारित तत्त्वे काढली. त्यावरून २०२५ सालीही न्यायालयात वाद चालू होता, कारण पेणसारख्या गावी त्यावर कित्येकांचे पोट आहे. आपण मूर्तिपूजक नसलो तरी नदी आपलीही आहे आणि तो कारागीर आपला शेजारी आहे. जेथे मुलाचे वा पाण्याचे हित आड येते तेथे हौसेने मागे सरावे. परंतु बदलाचा सगळा भार एकट्या कारागिरावर टाकून आपण मोकळे होऊ नये.

दुसरे कारण पोटाचे. हाताने केलेल्या वस्तूला दिवस लागतो, साच्यातली घटकेत निघते. दिवाळीत मुले मातीचा किल्ला करतात. त्यावर ठेवायचे मावळे, तोफा, गवळणी पूर्वी कुंभाराकडून मातीचे येत. नंतर प्लॅस्टरचे आले, प्लॅस्टिकचेही आले. आता पुष्कळ जण हळहळतात. परंतु मातीच्या मावळ्याचे दोन रुपये कमी करण्यासाठी जो घासाघीस करीत बसला, त्याने मातीचा मावळा नाहीसा झाला म्हणून कुंभाराला दोष द्यावा, हे न्यायाचे नाही. कामकरी आपल्या मजुरीस योग्य आहे, हे वचन आपण पाळकाच्या पगाराच्या वेळी आठवतो. कुंभाराच्या दारातही ते आठवावे.

तिसरे कारण लोभाचे. जुने चांगले चालले असता, लोकांनी सर्व काही पुन्हा विकत घ्यावे एवढ्यासाठीच जर कोणी जुने मोडीत काढीत असेल, तर घेणाऱ्याची तक्रार खरी आहे. ती करण्यात पाप नाही. प्रश्न उरतो तो, ती कशी करावी याचा.

येथे इफिसचा प्रसंग आठवतो (कृत्ये १९:२३-४१). देमेत्रिय नावाचा सोनार अर्तमी देवीचे रुप्याचे लहान देव्हारे करीत असे. पौलाच्या उपदेशाने आपल्या मालाचा खप जाईल, ही त्याची भीती. कारागिरांच्या सभेत त्याने आधी धंद्याची गोष्ट काढली, आणि मग तिच्यावर देवीच्या अब्रूचे पांघरूण घातले. लोक पेटले. गायस व अरिस्तार्ख यांस ओढीत नाट्यगृहात नेले. दोन तास एकच आरोळी चालली, आणि आपण कशासाठी जमलो आहो हे बहुतेकांस ठाऊकच नव्हते. शेवटी शहराचा चिटणीस म्हणाला की, कोणाविरुद्ध गाऱ्हाणे असेल तर न्यायसभा उघड्या आहेत, तेथे जावे.

देमेत्रिय विकणारा होता, आपण घेणारे. परंतु पांघरूण एकच. "माझी सवय मोडली" असे म्हणण्याऐवजी "परंपरा बुडाली" असे म्हणणे आपल्याला सोपे जाते. ज्याला खरोखर गाऱ्हाणे आहे त्याने ते आपल्या नावाने, मोजक्या शब्दांत, योग्य माणसापुढे मांडावे. दोन तासांच्या आरोळीतून कोणाचे भले होत नाही. आणि स्वतः रंगविलेली फौज जाळणारा कंपनीचे काही जाळीत नाही. आपल्याच श्रमाची राख करतो.

आता एक खोल गोष्ट. इंग्रज लेखक फॉर्स्टर १९२१ साली देवासच्या थोरल्या पातीच्या महाराजांचा खाजगी सचिव होता. तेथील गोकुळाष्टमीचे वर्णन त्याने १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात केले आहे. मातीची लहानशी गोकुळ-नगरी करावयाची आणि उत्सवाच्या शेवटी ती तळ्यात सोडावयाची. तो विधी आपला नाही. परंतु करणाऱ्यांस पहिल्या दिवसापासून ठाऊक असे की हे राहावयाचे नाही, यात शिकण्यासारखे आहे. धारला तर शिल्पकार रघुनाथ कृष्ण फडके यांची कर्मशाळा होती. मुंबईच्या चौपाटीवरील लोकमान्य टिळकांचा पुतळा त्यांचाच. १९६१ साली त्यांस पद्मश्री मिळाली व १९७२ साली ते वारले. पुतळ्याच्या कामात शिल्पकार आधी मातीत सर्व काही घडवितो, त्यावर प्लॅस्टरचा साचा घेतो, आणि साचा सोडविताना ती माती बहुधा मोडून जाते. महिनोन् महिने जिच्यावर बोटे फिरविली तीच वस्तू त्याला सोडून द्यावी लागते. ज्याला मातीच धरून ठेवायची आहे त्याला पुतळा मिळत नाही. यिर्मयाने कुंभाराच्या घरी जे पाहिले (यिर्मया १८) त्यातही हेच आहे: बिघडलेले पात्र कुंभाराने टाकून दिले नाही, त्याच मातीचे दुसरे केले.

म्हणून बदल झाला की काही तरी गेलेच, असे समजू नये. फ्रान्सच्या दक्षिणेस ख्रिस्तजन्माच्या देखाव्यासाठी मातीच्या लहान आकृत्या करतात. मार्सेय शहरात त्यांचा बाजार १८०३ सालापासून भरतो. बाळ येशू, मरिया, योसेफ व मेंढपाळ यांच्याबरोबर तेथील कारागिरांनी गावातला पाववाला, कोळीण, पाणी वाहणारी अशा आकृत्या गव्हाणीपाशी उभ्या केल्या. लूकाच्या शुभवर्तमानात यांपैकी कोणी नाही. तरी त्या नव्या आकृत्यांनी एक खरी गोष्ट सांगितली की, प्रभू आमच्या गल्लीसाठीही जन्मला.

आपल्या मंडळीतही माल बदलतो. गीताची चाल बदलते, शास्त्राच्या भाषांतराची नवी आवृत्ती येते, नाताळच्या देखाव्यात कोणी नवे काही ठेवतो, आणि मग उपासनेनंतर दारात इफिसचे नाट्यगृह भरते. त्या वेळी वरील प्रश्न स्वतःस विचारावेत. बदलाने कोणाचा अपाय टळतो काय? ज्याने बदल केला त्याची अडचण मी विचारली काय? मी ज्याचे नाव घेऊन भांडतो ते देवाचे कार्य आहे की माझी सवय? आणि बदल खरोखर चुकीचा असेल, तर मी तो भावाला एकांतात सांगितला काय (मत्तय १८:१५)?

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांस एक सुचवावेसे वाटते. यंदा नाताळच्या देखाव्यासाठी बाजारातील तयार संच आणण्याऐवजी मुलांस घेऊन जवळच्या कुंभाराच्या घरी जा. माती कशी मळतात ते मुलांनी पाहावे, कुंभाराचे नाव विचारावे, त्याने मागितलेली किंमत घासाघीस न करता द्यावी आणि त्याच्या घरचे पाणी प्यावे. मग मुलांनी स्वतःच्या हातांनी एक एक मेंढरू करावे. त्यांतले काही वाळताना तडकेल, एखाद्याचा पाय मोडेल, आणि कोणी रडेलही. त्या मुलाला नवा गोळा द्या. वस्तूवर प्रीती करावी, पण तिच्यापायी माणूस गमावू नये, हा धडा ते हातांनीच शिकेल, आणि हातांनी शिकलेले बहुधा विसरत नाही.